किल्लीची किल्ली कुणाकडे?

खुट्. बाहेरून कुलपात किल्ली फिरली आणि घरातली शांतता मोडली. शांतता कसली, अबोलाच. चिकट्याच्या प्रश्नांना कंटाळून शलाकाने त्याला गप्प बसवलं होतं, आणि मघापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

चिकट्या म्हणजे कुकरएवढा, चाकांवरचा यंत्रमानव. शलाका ज्या इस्पितळाचे संगणक सांभाळायची, तिथला सर्व्हर (बाकीच्या संगणकांना माहिती पुरवणारा मोठा संगणक) पार थकला होता. गावभरचे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, सगळी चित्रं त्याच्या पोटात. ती आता नव्या सर्व्हरवर न्यायची होती. त्यासाठी इस्पितळाने शलाकाला घरी हा मदतनीस दिला होता. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. पण धरलेला प्रश्न सोडत नाही म्हणून शलाकाच्या नऊ वर्षांच्या लेकीने, तन्मयीने, त्याचं नवं बारसं केलं होतं.

किल्ली फिरवून आत आल्या त्या शेजारच्या नलूआत्या. त्यांच्याकडे शलाकाच्या घराची जादा किल्ली असायची, शलाकाकडे त्यांच्या. त्यांनी उकडलेल्या शेंगांचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि काही न विचारता सोफ्याच्या कडेला टेकल्या.

डॉक्टरांना नलूआत्यांच्या फुप्फुसात एक डाग दिसला होता. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही तो एवढाच असेल, तर घाबरण्यासारखं फारसं नाही. वाढला असेल, तर उद्या सुई घालून तुकडा काढायचा. पण ते जुनं चित्र नवा सर्व्हर सुरू झाल्याशिवाय दिसणार नव्हतं. आणि चिकट्याचे प्रश्न संपत नव्हते.

“ताई, चित्रं कोणी बघायची?” त्याने पुन्हा सुरुवात केली.

“सगळ्यांनी. चल पुढे.”

चिकट्या जागचा हलला नाही. सगळे म्हणजे नोंदणीच्या खिडकीवरचेसुद्धा का, असं त्याने विचारलं. शलाकाने कपाळाला हात लावला.

“खिडकीवर आपल्या कॉलनीतल्या बेबीकाकूंचा भाचा बसतो,” तन्मयी शेंग सोलत म्हणाली.

नलूआत्या ताठ झाल्या. “बेबीला कळलं की रात्रीपर्यंत अख्खी कॉलनी मला शेवटचं भेटून जाईल.”

मग शलाका कामाला लागली. खिडकीवर फक्त नाव आणि वेळ. नर्सला तिच्या वॉर्डातले रुग्ण, डॉक्टरला त्याचे स्वतःचे. याला प्रवेशाधिकार (कोणी काय बघायचं याची परवानगी) म्हणतात, असं चिकट्याने तन्मयीला समजावलं आणि लगेच पुढचा प्रश्न काढला. चित्रांचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय अर्थच लागणार नाही अशी माहितीची उलटापालट) करायचं, तर ती किल्ली कुठे ठेवू?

“त्याच सर्व्हरवर ठेव.”

“चोराने सर्व्हर नेला, तर किल्लीही त्याच्याकडे जाईल, ताई.”

“मग राखीव सर्व्हरवर ठेव, नवा बंद पडला तर चालवायचा त्या दुसऱ्यावर. आणि राखीवची किल्ली नव्यावर. आता तरी सोड मला.”

चिकट्याचा दिवा पिवळा झाला. एखादा प्रश्न सुटत नसला की तो असाच व्हायचा. तन्मयीला मात्र हसू फुटलं. “आई, हे आपलं कावेरीताईच्या लग्नासारखं झालं.”

नलूआत्यांच्या पुतणीच्या त्या लग्नाला दोन्ही घरं मिळून गेली होती. रोजच्या किल्ल्या एकाच पिशवीत घातल्या आणि ती पिशवी नवरीच्या गाडीतून सासरी गेली. जादा किल्ल्या होत्या, पण शलाकाची नलूआत्यांच्या कुलूपबंद घरात आणि त्यांची शलाकाच्या. कुलूपवाला येईपर्यंत सगळे जिन्यात बसून बुंदीचे लाडू खात होते.

शलाकाचा हात थांबला. वीज जाऊन दोन्ही सर्व्हर बंद पडले, तर परत सुरू होताना दोघेही एकमेकांच्या दारात उभे. चित्रं सुरक्षित, आणि कुणालाच दिसायची नाहीत.

“म्हणून मी तिसरी किल्ली भावाकडे ठेवली,” नलूआत्या म्हणाल्या. “तर मेल्याने एकट्याने येऊन चकल्या संपवल्या.”

“किल्ली अख्खी दिली की असं होतं,” चिकट्या म्हणाला. किल्लीचे तीन भाग करता येतात, त्याने सांगितलं. एकटा भाग काहीच उघडत नाही. कुठलेही दोन जुळले की उघडतं. एक हरवला तरी काम अडत नाही, एकाच्या मनात आलं तरी चोरी होत नाही. एक शलाकाकडे, एक मोठ्या डॉक्टरांकडे, एक दुसऱ्या गावच्या इस्पितळातल्या तिजोरीत.

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही बोलू दिलं नाहीत, ताई.”

चित्रं नव्या घरी पोचली. शलाकाने घाईघाईने आत्यांचं स्कॅन उघडायला घेतलं, तर पडद्यावर आलं: तुम्हाला परवानगी नाही. नियम तिचाच होता. ती चिडून चिकट्याकडे बघत राहिली, तोच डॉक्टरांचा फोन आला. डाग तेव्हाही एवढाच होता. सुई नको.

नलूआत्यांनी पदराने डोळे पुसले आणि न सोललेल्या शेंगा सगळ्या तन्मयीपुढे सारल्या. पुढे कुठल्याही गावी आजारी पडलं तरी आपली चित्रं आपल्या परवानगीने तिथे पोचतील, असं चिकट्या सांगू लागला. तन्मयी विचारात पडली.

“आई, मी पोटात होते तेव्हाचं चित्रपण आहे त्यात?”

“आहे की. या दाण्याएवढी होतीस.” शलाकाने तिला जवळ ओढलं.

“मग ते बघायची परवानगी मला कुणी विचारली होती?”

शलाकाने चिकट्याकडे पाहिलं. त्याचा दिवा पिवळा झाला होता.