धावपट्टीवरचं तळं

बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर भर दुपारी एक मुलगी पालथी पडलेली दिसली, आणि तिथला राखणदार हुर्र्या दोन्ही हात हलवत धावत सुटला. "हुर्र! हुर्र!... उठा, उठा!"

मुलीने मान वर केली. गालाला डांबराची धूळ लागलेली. "मी काय साळुंकी आहे?"

हुर्र्याचा चेहरा कसनुसा झाला. "नाही हो... सवय! विमानं होती तेव्हा मी इथले पक्षी हाकलायचो. एखादा इंजिनात गेला तर सगळ्यांच्याच जिवावर बेतायचं ना."

"आणि मी इथे पक्षी बोलवायला आलेय," ती कपडे झटकत म्हणाली. "म्हणजे आपलं जमणं कठीण!"

जमलं. न जमायला काय झालं होतं!

विमानतळ शहराबाहेर गेला होता. मोकळ्या जागेवर आता घरं होणार होती, बाजार होणार होता, आणि मधोमध एक मोठं तळं व्हावं असा तिचा हट्ट होता. बागा आणि तळी आखणं हेच तिचं काम. जमीन कुठे उतरते ते पाहायला ती अशी पालथी पडायची. हुर्र्याला जागेची राखण करायला ठेवलं होतं. राखण तो करायचाच, पण बहुतेक तिच्या आसपासची.

टॉवरच्या जिन्यावर बसून तो तिला जुन्या गोष्टी सांगायचा. आधी इथे नुसतं कुरण होतं. पहिलं विमान बघायला माणसं डबे घेऊन आली होती. मग घरं सरकत सरकत थेट कुंपणाला भिडली, आणि विमान उतरलं की गच्चीवरचे वाळत घातलेले सदरे फुगायला लागले. शेवटचं विमान उडालं त्या दिवशी सगळे हात हलवत उभे होते.

"रडलास?" तिने विचारलं. अहो-जाहो कधीच मागे पडलं होतं.

"छे! डोळ्यात धूळ गेली."

"दोन्ही डोळ्यांत?"

"...वारा फार होता."

ती इतकी हसली, की पुढची गोष्ट राहूनच गेली.

धावपट्टीच्या टोकाला तिने नमुन्याचं एक छोटं तळं केलं होतं. पालिकेला मात्र मोठ्या तळ्याऐवजी गाड्या लावायला जागा हवी होती. शेवटी पालिकेच्या अधिकारी बाई म्हणाल्या, मी स्वतः येऊन बघते. पक्षी आले असतील तर मोठं तळं करा, नाहीतर नाही. आणि तळं नाही म्हणजे तिचं इथलं काम संपलं. दुसऱ्या गावात तिच्यासाठी नोकरी तयारच होती. हे कळल्यापासून हुर्र्याची अन्नावरची वासनाच उडाली.

"भाजीत मीठ नाही, तेही कळलं नाही तुला," आई म्हणाली. "कोण आहे ती?"

"कोणी नाही गं."

"बरं. त्या कोणी नाहीला एकदा घरी आण."

बाई येणार त्या सकाळी तळ्यावर एकही पक्षी नाही. दोघं काठावर उभी. आणि अचानक आभाळातून बदकांचा थवा खाली येताना दिसला! तिने आनंदाने हुर्र्याचा दंड घट्ट धरला. आणि हुर्र्याने काय करावं? दंड सोडवला, टाळ्या पिटल्या आणि "हुर्र! हुर्र!" करत सुसाट सुटला.

अर्ध्या वाटेत तो थिजला. थवा कुंपणापलीकडे गेला होता.

"अरे, काय केलंस हे!" तिचे डोळे भरून आले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तरी तो म्हणाला, "बस खाली. हलू नकोस. येतील परत."

"कशावरून?"

"इतकी वर्षं हाकललं, कायमचे कधी गेलेच नाहीत. मी बसलो की हजर! घाबरायचे कुठले... नुसतं माझं मन राखायचे."

दोघं गवतात बसली, खांद्याला खांदा लावून. तिच्या केसांना ओल्या मातीचा वास येत होता.

"आणि नाही आले तर?" ती कुजबुजली.

"तर... तू जाशील."

"हं."

"नको जाऊस."

"तळ्यासाठी?"

"तळं गेलं खड्ड्यात! मला तू हवी आहेस." हेही त्याला कुजबुजतच म्हणावं लागलं.

तिची करंगळी हळूच त्याच्या करंगळीत अडकली. त्याच वेळी एक बदक पाण्यावर घसरत उतरलं... मग दुसरं... मग सगळा थवाच.

मागे पालिकेच्या बाई उभ्या होत्या, आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन. "गाड्यांचं दुसरीकडे बघू," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि चवड्यांवर चालत निघून गेल्या.

हुर्र्या तिच्याकडे वळला. "आता राहशील ना?"

"तिकडची नोकरी मी परवाच नाकारली. तळं होवो न होवो, राहणार होतेच."

"काय? आणि माझा जीव असा टांगणीला लावलास!"

"मला बघायचं होतं, तू थांब म्हणतोस का. केवढा वेळ लावलास रे!"

हुर्र्या उठायला गेला आणि बदकांकडे बघून परत बसला. "मला... मला जोरात ओरडावंसं वाटतंय."

"इथे नको," ती त्याचा हात धरून उठली. "चल, कुंपणाबाहेर जाऊ. मलाही ओरडायचंय."