घरचा नंबर

बाड एर्लेनबोर्न या जर्मनीतल्या उपचारांच्या गावच्या झऱ्याचं पाणी कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. गंधकाचं पाणी ते, सडक्या अंड्यांच्या वासाचं. डॉक्टरांच्या धाकाने एक पेला कसाबसा घशाखाली उतरवायचा आणि नाक मुरडत बागेत पळायचं, ही सगळ्या पाहुण्यांची रीत. म्हणून निळ्या मफलरवाल्या तरुणाने रिकामा पेला पुढे करून "अजून एक मिळेल?" असं विचारलं, तेव्हा झऱ्यावर पाणी देणाऱ्या लिओबाच्या मनात पाल चुकचुकली.

"आवडलं?" तिने विचारलं.

"फारच!" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

दुसरा पेला घेऊन तो बाहेर गेला. मग रोज तेच. नाव एकार्ट वेंडेलर, काम चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचं. पाठ धरली म्हणून तीन आठवड्यांच्या उपचारांना आलेला.

"दुसरा पेला खोलीतल्या बायकोला," पेले विसळणाऱ्या हेडविगबाईंनी निकाल दिला.

"खोली एकट्याची आहे त्याची."

"म्हणजे चौकशी करून झाली तर!"

लिओबा कानापर्यंत लाल झाली. उपचारांपुरत्या तीन आठवड्यांच्या प्रियकराला त्या गावात 'सावली' म्हणत. हातात हात घालून फिरायचं, आणाभाका घ्यायच्या, आणि शेवटच्या शनिवारी साहेबांना न्यायला बायको गाडी घेऊन हजर! दोन वर्षांपूर्वी लिओबाने अशाच एका गाडीकडे बघत हात हलवला होता आणि मग महिनाभर रडली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो; ती तर आता पाणीही फुंकत होती.

दुसऱ्या आठवड्यात ती गुपचूप त्याच्या मागे गेली. बँडच्या मंडपामागे एकार्ट इकडेतिकडे बघत पेला जिरेनियमच्या कुंडीत ओतत होता.

"त्या बिचाऱ्या झाडांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

तो दचकला. "पहिला पेला पाठीसाठी. दुसरा... दुसरा मागितला की तुम्ही अजून दोन मिनिटं समोर असता."

तिला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचाच राग आला. एवढं गोड बोलायला सवय लागते! तरीही दुपारी बीच झाडांच्या रानातून पलीकडच्या गिरणीपर्यंत दोघं फिरायला जाऊ लागली. तिथे आलुबुखाऱ्याचा केक खाताना तो हसला की ती विरघळायची, आणि घरी येऊन त्याच्या बोलण्यातल्या फटी शोधत बसायची.

शेवटच्या शुक्रवारी भुरभुर पावसात त्याने तिच्या हातात एक चिठ्ठी दिली.

"फोन नंबर. घरचा."

सावल्या कामावरचा नंबर देतात. घरचा कधीच नाही.

"आत्ता लावते," लिओबा म्हणाली.

"आत्ता? म्हणजे... आत्ताच?" त्याचा चेहरा उतरला.

झालं! तिने पोस्टाजवळचं पिवळं टेलिफोनघर गाठलं. त्याचं दार नीट लागत नव्हतं, आणि बाहेर छत्री धरून तो उभा होता.

"वेंडेलर," पलीकडून बाईचा आवाज आला.

"मी एर्लेनबोर्नहून... लिओबा. तुम्ही एकार्टच्या कोण?"

"आई. आणि तू कोण त्याची?"

तिने सुटकेचा निःश्वास सोडला, पण तो पुरा व्हायच्या आत आईंनी पुढचा प्रश्न टाकला. "झऱ्यावरची ना? फोनवर दुसरं नाव नसतं त्याच्या तोंडी. लग्न झालंय तुझं?"

"माझं?"

"का, विचारू नये? ठाऊक आहे मला तुमचं गाव. आमच्या शेजारचा गुडघ्यासाठी तीन आठवडे तिकडे गेला. चार वर्षं झाली, ना गुडघा परत आला ना तो. खरं सांग, नवरा आहे?"

"नाही हो!"

"ठरलेलं कुणी?"

"कुणी नाही!"

"मग माझा मुलगा आवडतो तुला, की नुसती वेळ घालवतेयस? एकदा एकीने फसवलंय त्याला. परत त्याला तसं बघणं मला नाही झेपणार."

आपल्यावरही कुणी संशय घेऊ शकतं, हे लिओबाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिने बाहेर पाहिलं. एकार्ट बुटांकडे बघत उभा होता, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. आईची उलटतपासणी त्याला माहीत होती, म्हणून चेहरा उतरला होता तर!

"आवडतो," ती पुटपुटली.

"खरखर आहे गं लाइनला. मोठ्याने बोल."

"आवडतो!"

पोस्टापुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी वर पाहिलं. एकार्टच्या हातातली छत्री कलली.

"दे त्याला," आई म्हणाल्या.

तो आत घुसला. जागा एकालाच पुरेल एवढी, तरी ती बाहेर पडली नाही.

"हो, आई... ऐकलं मी... नाही गं, मी अजून तिला सांगितलंच नाही... लिओबा, आई विचारतेय, की मी तुम्हाला—"

"आईंना नंतर सांगा," लिओबा म्हणाली. "आधी मला."

त्याने फोन खाली ठेवला, आणि सांगितलं.