झग्याचं माप

आमच्या नाटक कंपनीचे कपडे मी बावीस वर्षं शिवते आहे. प्रत्येक नटाची मापं माझ्या वहीत तारीख घालून लिहिलेली असतात. पोट सुटलं की नट म्हणतात, कापड आटलं. मी वाद घालत नाही. टेप लावते आणि आकडा दाखवते. तेव्हा पुढे जे सांगणार आहे, त्यातला एकही आकडा अंदाजाचा नाही.

माझी खोली रंगमंचामागच्या जिन्यावर आहे. एक खिडकी, दोन मशिनं, कपडे टांगायचे लांब दांडे आणि इस्त्रीच्या वाफेचा कायमचा वास. दुपारच्या प्रयोगाआधी धाकटा तिथे येऊन बसायचा. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. सगळी कंपनी त्याला धाकटाच म्हणते. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला मीच वाढवलं.

स्वभावाने इतका सरळ की कधी कधी राग यायचा. दुसऱ्या नटाचं वाक्य चुकलं तर हा आपलं गिळून त्याला सावरून घ्यायचा. प्रयोगाआधी नेपथ्याची प्रत्येक पायरी, प्रत्येक दार स्वतः हलवून बघायचा आणि काही ढिलं दिसलं की सुतारकाकांना सांगायचा. काका म्हणायचे, "तू असताना मला डोळ्यांची गरजच नाही."

सात वर्षं तो अण्णांचा बदली नट होता. अण्णा आमचे मुख्य नट. नाटक एका न्यायाधीशाचं: चांगला माणूस, वरच्या खुर्चीसाठी जिवलग मित्राला फाशी देतो आणि मग त्याला थांबताच येत नाही. धाकट्याला ती भूमिका कोळून प्यायल्यासारखी पाठ होती. पण अण्णा तापातही उभे राहायचे. सात वर्षांत एक प्रयोग चुकवला नाही.

त्या वर्षी परदेशातली मंडळी नाटक बघायला येणार असं कळलं. त्यांना आवडलं तर मोठा दौरा. धाकट्याचं चित्त उडालं. जेवताना ओठ हलायचे. खोलीत खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी म्हणायचे, "बस ना रे जरा." तो बसायचा आणि लगेच उठायचा.

मंगळवारी दुपारच्या प्रयोगात, तिसऱ्या अंकाच्या शेवटी, न्यायासनाच्या मागची पायरी निखळली आणि अण्णा पडले.

खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांचा डावा पाय दीड इंच आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. शिंप्याच्या डोळ्याला ते आधी दिसतं. सहाव्या दिवशी ते गेले.

न्यायाधीशाचा झगा आता धाकट्याच्या मापाचा करायचा होता. अण्णांची छाती बेचाळीस, खांदा साडेअठरा. धाकट्याची अडतीस आणि सतरा. मी दोन्ही कुशी आत घेतल्या. प्रयोग झाला. टाळ्या थांबेनात. मी विंगेत उभी राहून रडले, आनंदानेच.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, काखेत काचतंय."

मी मापलं. चाळीस. वजनकाट्यावर उभा केला, वजन तेवढंच. नवी टेप आणली, लोखंडी पट्टीशी ताडून बघितली. चाळीसच.

सुतारकाका त्याच सकाळी वर आले होते. दारातच घुटमळले. "त्या दिवशी धाकटा पायऱ्या बघून गेला होता," ते म्हणाले. "काही बोलला नाही. म्हणून मीही पुन्हा बघितलं नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मी सुईत दोरा ओवत बसले.

दुपारी मी धाकट्याला विचारलं.

"हलत होती," तो म्हणाला. "पाय ठेवून बघितली मी. म्हटलं, चहा झाला की काकांना सांगतो."

"मग?"

"चहा झाला." तो खिडकीबाहेर बघत होता. "एखादा आठवडा झोपून राहतील, एवढंच वाटलं होतं, ताई."

मी पुढे काही विचारलं नाही, कोणाला सांगितलंही नाही. लोकांनी खुर्च्यांवरून उठून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या मलाही हव्या होत्या, हे मी आता कबूल करते.

त्यानंतर दर दोन दिवसांनी झगा उसवावा लागला. एक्केचाळीस. खांदा अठरा. धाकटा हसायचा, म्हणायचा, "यश अंगी लागतंय." आरशात तो मला पूर्वीसारखाच दिसायचा. फक्त टेप वेगळं सांगायची.

बाराव्या प्रयोगाच्या सकाळी मी शिवण पुन्हा घातली, तेव्हा सुई आपोआप जुन्या टाक्यांच्या भोकांतून जात होती. अण्णांच्या वेळच्या.

झगा अंगावर चढवला. नेमका बसला. फक्त डावीकडची कड जमिनीला घासत होती.

दीड इंच.

"सरळ उभा राहा," मी म्हटलं.

"सरळच आहे की."

मी कड वर घेतली. टाके वाकडे आले. माझे टाके वाकडे येत नाहीत.

परदेशी मंडळी आली, नाटक बघून गेली. निवड झाली. दौऱ्यासाठी नवा मखमली झगा शिवायचा ठरलं. सकाळी दहाला धाकटा माप द्यायला आला. हात पसरून उन्हात उभा राहिला. खूश होता. बोलायचा थांबतच नव्हता.

"आपल्या व्यवस्थापकांचंही आता वय झालंय, ताई. कंपनी त्यांच्याने झेपत नाही. परत आलो की बघू."

"काय बघू?"

"बघू काहीतरी." तो हसला.

मी टेप त्याच्या छातीभोवती घेतली. नटाची छाती दोनदा मापावी लागते, एकदा श्वास भरून, एकदा सोडून. दोन-तीन इंचांचा फरक येतो. तो धरला नाही तर मोठ्या वाक्याला शिवण उसवते.

"भर," मी म्हटलं.

बेचाळीस.

"सोड."

बेचाळीस.

मी टेप तशीच धरून ठेवली. मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. माझ्या बोटांखाली ती एकदाही ताणली गेली नाही, एकदाही सैल पडली नाही.

तेवढा सगळा वेळ तो बोलत होता.