लालोच्या लॅपटॉपची काळी स्क्रीन

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर नका मानू, पण झुनिल्डासमोर हसू नका. त्या दुपारबद्दल ती अजूनही चिडूनच बोलते.

हो, दुपारच. पॅराग्वेतलं कॉन्सेप्सियॉन, जानेवारीचा उकाडा (तिकडे तेव्हा भर उन्हाळा), जेवून सगळं गाव झोपलेलं. त्या वेळी तिथे रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही.

गावच्या छोट्या रेडिओ स्टेशनात दोघंच जागी होती. बातमीदार झुनिल्डा आणि साउंडचं काम बघणारा देर्लिस. समोर लालोचा लॅपटॉप.

लालो त्यांचा मित्र, याच स्टेशनचा बातमीदार. याच लॅपटॉपमधून त्याच्या बातमीच्या साक्षीदाराचं नाव फुटलं होतं. आधी साक्षीदाराला गोळ्या घातल्या, मग लालोला. तपासाच्या नावाखाली लॅपटॉप कुठे कुठे फिरून आता परत आला होता.

दुसऱ्या दिवशी झुनिल्डाला भेटायला नवी साक्षीदार स्टेशनवर येणार होती. तिचं नाव झुनिल्डाने कुठे लिहिलं नव्हतं, देर्लिसलाही सांगितलं नव्हतं. या वेळी नाव फुटता कामा नये, म्हणून ती नवी सुरक्षित सिस्टिम टाकत होती. प्रत्येक काम वेगळ्या बंद खोलीत ठेवणारी. त्या सिस्टिमला मेमरी भरपूर लागते, आणि तेवढी फक्त लालोच्याच लॅपटॉपमध्ये होती.

पेनड्राइव्ह लावला. लोगो आला...

आणि स्क्रीन काळी.

"बूटची सेटिंग बदललीस ना?" झुनिल्डा खेकसली.

"बदलली, बाई. ग्राफिक्सही साध्या मोडवर टाकलं. माझ्यावर कशाला डाफरतेस?"

पुन्हा सुरू केला. लोगो... पुन्हा काळोख.

वैतागून देर्लिसने तेरेरे करायला घेतला. चहासारख्या पाल्यावर गार पाणी, एकच पेला, एकच धातूची नळी, पाळीपाळीने ओढायचं. "ग्रासियास", म्हणजे आभार, म्हटलं की तुमची पाळी संपली. तोवर पेला येतच राहतो.

त्याने तिला दिला. स्वतः प्यायला. मग हाताच्या सवयीने तिसऱ्यांदा भरला आणि लालोच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"हे काय?"

"लालोने कुठे ग्रासियास म्हटलं होतं?" देर्लिस हसला. एकटाच.

तिने रागाने बटण दाबलं. लोगो गेला. स्क्रीन काळी. लॅपटॉपचा पंखाही थांबला...

खर्र्र...

पाणी संपल्यावर नळीतून येतो, तो आवाज. खुर्चीकडून.

पेला रिकामा होता.

देर्लिसच्या तोंडचं पाणी पळालं. झुनिल्डाची मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता आलास होय, शहाण्या?" ती खुर्चीवर ओरडली. "तेव्हा घसा फोडून सांगत होते, पासवर्ड बदल, मशीन बदल! 'माझं कोण वाचतंय' म्हणे! वाचलं ना? एक माणूस गेला, तू गेलास, आणि आता हेही काम होऊ देत नाहीस!"



स्क्रीनच्या वर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

"झुनी," देर्लिस कुजबुजला, "कॅमेरा मी सकाळीच काढलाय. तो बघ, माझ्या पेटीत आहे."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे ढकलला. मग म्हणाली, "खोल हा."

स्क्रीनच्या वायरीला नखाएवढी चकती जोडलेली निघाली. मागाहून, कोणीतरी. स्क्रीनवर दिसेल ते बाहेर पाठवणारी, असं देर्लिसचं म्हणणं. स्क्रीन लागली असती, तर पुढचं नावही गेलं असतं.

झुनिल्डाने लॅपटॉप शिव्या देत नदीत फेकला.

दुसऱ्या दिवशी साक्षीदार आलीच नाही. घाबरून झुनिल्डा तिच्या घरी पोचली. म्हातारी बर्नार्दाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"अगं पोरी, तुझ्याच माणसाने काल दुपारी येऊन सांगितलं ना, स्टेशनवर जाऊ नका म्हणून."

"कोणत्या माणसाने?"

"मला काय माहीत! उन्हामुळे तोंड नीट दिसलं नाही. पण नावाने हाक मारली की मला."

 हे नाव तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

बर्नार्दाबाईला तिने त्याच दिवशी सीमेपलीकडे, ब्राझीलला पोचवलं. बाई सुखरूप आहे. तरी दारावर कोणी अनोळखी आलं, की झुनिल्डाचा जीव अजून टांगणीला लागतो.

बर्नार्दाबाईकडे आलेला तो माणूस मेलेला लालोच असू दे, एवढंच ती देवाकडे मागते.