शुद्ध प्रत

पक्कड कामाला निघाली की तिच्या आईच्या तोंडाचा पट्टा जिना संपेपर्यंत चालू असायचा. डबा घेतलास का, चष्मा घेतलास का, लोकांच्या मशीनसाठी जीव टाकतेस, स्वतःच्या दाताचं कधी बघणार, आणि हो, येताना कपड्यांचे चिमटे आण, सहाच उरलेत, बाकीचे कुणी खाल्ले देव जाणे! पक्कड काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एखादी वस्तू हातात धरली की सोडायची नाही, म्हणून आईनंच ते ठेवलेलं. पुढे ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पडली आणि गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं. मशीन हातात घेतलं की ते चालू करूनच उठायचं, अशी तिची ख्याती होती.

त्या दिवशी दुपारी ती काकांकडे, एका गिऱ्हाइकाकडे, गेली. काका म्हणजे एकेकाळचे लिलाव पुकारणारे. भर बाजारात भोंग्याशिवाय उभे राहायचे आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही बोली ऐकू जायची म्हणे. दीड वर्षापूर्वी झटका आला आणि मानेखालचं सगळं गेलं. आवाजही गेला. राहिलं उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटाखाली एक बटण होतं. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, हवं ते आलं की काका बटण दाबायचे, आणि वाक्य जुळलं की मशीन ते एका सपाट, कुणाच्याच नसलेल्या आवाजात बोलून दाखवायचं. काकांकडे बोलायला तेवढंच होतं.

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे," काकू दारातच म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, जे बोलायचंय ते आज बोलून घ्या. आणि हे बघ ना, कालपासून असं बसलंय."

मशीन पलंगाशेजारच्या टेबलावर होतं. अपडेट अर्धवट उतरलं होतं. पस्तीस टक्क्यांपर्यंत जायचं, थबकायचं, 'बदल मागे घेत आहोत' असं म्हणायचं, बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं आणि पुन्हा पस्तीस. धड पुढे नाही, धड मागे नाही. काका टक लावून पडद्याकडे बघत होते. काकूंनी कागदावर अक्षरं लिहून, एकेकावर बोट ठेवून पाहिलं होतं, पण एका शब्दाला अर्धा तास लागायचा आणि मग काका डोळेच मिटून घ्यायचे.

"बस ना," काकू म्हणाल्या, "त्या... त्याच्यावर." आणि खुर्चीकडे हात केला.

पक्कड बसली. आजारी माणसाचं करून करून बाई पार थकल्यात, असं तिला वाटलं.

बारा वर्षांच्या कामात तिनं असली दुखणी शेकड्यांनी काढली होती. आत कुठे फाइली खराब झालेल्या असतात. त्या शोधायच्या, त्यांच्या जागी चांगल्या घालायच्या, की अपडेट निमूटपणे पुढे सरकतं. तिनं मशीन दुरुस्तीच्या मार्गानं उघडलं आणि तपासणी लावली. एकशे बारा फाइली खराब. मशीनच्या स्वतःच्या साठ्यातून दुरुस्ती केली. 'दुरुस्ती पूर्ण' असं आलं. खात्रीसाठी पुन्हा तपासलं, तर एकशे बारा. त्याच फाइली, त्याच क्रमानं.

असं होत नाही. दुरुस्ती एक तर होते, नाही तर होत नाही. झाली म्हणून सांगायचं आणि जिथल्या तिथे परत यायचं, हा कुठला प्रकार? तिनं डिस्क तपासली, ती ठणठणीत. मेमरी बदलून पाहिली. एकशे बारा.

मग तिनं जुनी नोंद उघडली. गेले दोन महिने रोज दुपारी चार वाजता मशीननं दुरुस्ती केल्याची ओळ होती. 'अंशतः यशस्वी. स्रोत: घरातला.'

"काकू, ही दुरुस्ती कोण करत होतं?"

"मीच. चार वाजले की ते विचारायचं, करू का म्हणून. मी हो म्हणायचे." काकू कसंनुसं हसल्या. "नाही कशी म्हणणार? ह्यांचं बोलणं आहे त्यात."

घरातला स्रोत म्हणजे काय, हे पक्कडला कळेना. त्या घरात दुसरं मशीनच नव्हतं. पण विचार करत बसायला वेळ कुठे होता? तीन वाजायला आले होते.

आता उपाय एकच, बाहेरून शुद्ध प्रत आणायची. काकांचा बोलका प्रोग्रॅम फक्त एका जुन्या आवृत्तीवर चालायचा आणि ती आवृत्ती आता बाजारात कुणाकडे नव्हती. पक्कडच्या घरी होती. तिच्या आईच्या लॅपटॉपवर. "मला हीच चित्रं कळतात, उगाच नवीन काही घालू नकोस," असं म्हणून आईनं तो सहा वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. पक्कडनं फोन लावला.

"आई, लॅपटॉप उघड. मी इथून जोडते. तुला फक्त हो म्हणायचंय."

"बघ, माझाच लॅपटॉप कामाला आला ना शेवटी? जुना जुना म्हणून नाकं मुरडत होतीस. थांब, चष्मा कुठे ठेवला... हां. उघडला. इथे विचारतंय बाई, 'फक्त वाचू द्यायचं की लिहूही द्यायचं?' काय सांगू?"

शुद्ध प्रतीला आधी कुलूप घालायचं. तिच्यातून वाचायचं, तिच्यात काही लिहू द्यायचं नाही. ह्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. पक्कडनं आजवर ते कधी मोडलं नव्हतं. पण कुलूप घालायचं तर आईला चार पानं पुढे न्यावं लागलं असतं, पासवर्ड सांगावा लागला असता, आणि फोनवरून आईला पासवर्ड सांगायचा म्हणजे तासाची निश्चिंती. पलंगावरून काका बघत होते.

"दे गं सगळं," ती म्हणाली. "हो म्हण."

"म्हटलं."

पट्टी सरकायला लागली. एकशे दहा. एकशे सात. पक्कडच्या जिवात जीव आला. फोन तिनं तसाच टेबलावर ठेवला. आई काही तो बंद करणारी नव्हती, तिला गप्पांना निमित्तच हवं असायचं.

"तुझ्या मावशीचा फोन आलेला. गुडघे दुखतात म्हणे. मी म्हटलं, चालत जा जरा. आणि ऐक, मी ते वाळत घातलेत ना, ते... अंगात घालतो ते. आत आणून ठेवते."

"कपडे," पक्कड हसून म्हणाली.

"हां, तेच."

शहाण्णव. चौऱ्याण्णव.

"दुपारी झोप लागली नाही बघ. डोक्याखालची ती मऊ... जाऊ दे. किती वाजले? भिंतीवर ते लावलंय ना, गोल, ते मला..."

आई थांबली. आई कधी थांबायची नाही.

"आई?"

"शब्दच येईना गं," आई म्हणाली. आवाजात नवल होतं, भीती अजून नव्हती.

सत्तर.

मागून काकू म्हणाल्या, "ती खुर्ची ओढून घे ना जवळ, वाकून वाकून पाठ दुखेल." आणि म्हणताच त्या थबकल्या, तोंडावर हात गेला. "खुर्ची," त्या पुन्हा म्हणाल्या, हळूच. "खुर्ची. उशी. घड्याळ."



पक्कडनं 'थांबवा'वर बोट ठेवलं. ते करडं होतं, दाबलं जाईना. 'कृपया संगणक बंद करू नका.'

एकेचाळीस.

"आई, ऐक माझं. लॅपटॉप मिट. वरचा भाग खाली कर."

"वरचा?"

"झाकण! झाकण लाव, आई!"

"झा..."

ती खाली वाकली आणि भिंतीतल्या प्लगवर हात ठेवला. ओढायचा? लिहिणं चालू असताना वीज गेली की काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन्हीकडचं जातं. अर्धं लिहिलेलं ना ह्या मशीनचं राहतं, ना त्या मशीनचं. ओढवेना, सोडवेना.

वीस.

"आई, मी कोण? मला हाक मार. आई!"

फोनमध्ये श्वास ऐकू येत होता.

नऊ.

"हो," आई म्हणाली.

"आई, शेजारच्या काकींना बोलव!"

"हो."

मग तेही नाही.

शून्य. मशीन एकदा बंद झालं, सुरू झालं, आणि पस्तीसच्या पुढे सरळ शंभरावर गेलं. अक्षरांचा तक्ता पडद्यावर आला. काकूंनी देवाला हात जोडावेत तसे पक्कडला जोडले. काकांचं बोट हललं. एक अक्षर, दुसरं, तिसरं. पाचेक मिनिटांनी मशीन म्हणालं,

"हे शब्द माझे नाहीत."

"असं काय बोलता हो?" काकू म्हणाल्या.

बोट पुन्हा हललं. "परत न्या."

पक्कडनं तेच केलं. उलटं जोडलं. स्रोत म्हणून काकांचं मशीन दिलं, दुरुस्तीसाठी घरचा लॅपटॉप. तपासणी क्षणात संपली. 'कोणताही बिघाड आढळला नाही. दुरुस्तीची आवश्यकता नाही.' तिनं पुन्हा लावली. पुन्हा तेच. सात वेळा लावली. जिथे बिघाडच नाही, तिथे तिनं भरायचं तरी काय आणि कुठे?

ती धावत घरी गेली. आई लॅपटॉपसमोर बसली होती, कपडे आत आणलेले, नीट घडी घातलेले. आईनं वर पाहिलं आणि दारात आलेल्या पाहुणीकडे बघून हसावं तशी हसली.

पुढचे तीन आठवडे दवाखान्यात गेले. डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, कान तपासले, घसा तपासला. मोठ्या डॉक्टरांनी सगळे कागद उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, कोणताही बिघाड आढळत नाही. पक्कड तिथेच, त्या कोंदट खोलीत, भिंतीला डोकं लावून रडली. तिनं मशीनं घेणं बंद केलं. रोज सकाळी आईसमोर एकेक वस्तू धरायची, नाव सांगायची, वाटी, चमचा, कंगवा, आणि आई मान डोलवायची. समजूतदारपणे, समोरच्याचं मन राखायला डोलवावी तशी. घरात इतकी शांतता असू शकते हे पक्कडला माहीतच नव्हतं, आणि ती शांतता तिनं स्वतः 'हो' म्हणवून आणली होती. हे ती कुणाला सांगणार? सांगून खरं कोण मानणार?

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. काका ऑपरेशनमधून परत आलेच नव्हते. "त्या संध्याकाळी त्यांनी एक अक्षर दाबलं नाही गं," काकू म्हणाल्या. "मी बटण बोटाखाली धरलं, विनवण्या केल्या. नुसते माझ्याकडे बघत राहिले." मग काकू जरा घुटमळल्या. "तू येशील का एकदा? मशीन बोलतं. मी बटण काढून ठेवलंय, तरी बोलतं. चार वाजले की. मला वाटतं ते तुझ्यासाठी आहे. डाव्या कानात कापूस घाल म्हणतं, वारा लागला की तुला ठणका लागतो म्हणतं."

पक्कडच्या कानाचं दुखणं जगात दोनच माणसांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन गेली. पलंग उचलून नेला होता. टेबल तेवढं होतं तिथेच होतं, पडदा काळा, वरच्या कॅमेऱ्यावर काकूंनी जाड चिकटपट्टी लावलेली. पक्कडनं आईला समोर बसवलं, तिचा हात हातात धरला. आशा म्हणावी तर तेवढीच होती, की आई ते ऐकेल, ओळखेल, आत कुठेतरी काहीतरी हलेल.

चार वाजले.

"आलीस का," मशीन त्या सपाट आवाजात म्हणालं. "किती वाळलीस. रात्री दिवा चालू ठेवून झोपतेस हल्ली, वीज काय फुकट येते? दात दाखवलेस का?"

पक्कडच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "आई," ती म्हणाली. दोघींपैकी कुणाला म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

शेजारी आई शांतपणे ऐकत होती. परक्यांच्या घरच्या गोष्टी कानावर पडाव्यात, तशी अवघडून, पदर सारखा करत.



"बरं, मला एक सांग," मशीन म्हणालं. "तुझा हात धरून ही कोण बाई बसलीय?"

आईनं हळूच मान वळवून आपल्या मागे पाहिलं. मागे भिंत होती.