डोंगरावरची ओळख डोंगरावरच

“हाय!”

धुक्यातून आवाज आला आणि तिरिल किंचाळली. अशी किंचाळली, की पलीकडचा माणूसही किंचाळला.

“अगं, हाय म्हणालो फक्त! डोंगरावर म्हणायचं असतं ना!”

“माहितेय मला! पण आधी दिसायचं तरी!”

दिसणार कुठून? मघापर्यंत लख्ख ऊन होतं. खाली बर्गन शहर, फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीचं निळं पाणी, बंदरावरची लाकडी घरं... सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि आता स्वतःचा पसरलेला हातही दिसेना! वाट कळावी म्हणून इथे ठिकठिकाणी दगडांचे ढीग रचलेले असतात. त्यातल्याच एकाला मिठी मारून तिरिल उभी होती. पुढचा ढीग कुठे, देव जाणे. डावीकडे कुठेतरी कडा होता, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

धुक्यातून आधी टोपी आली, मग नाक, मग हसू. आस्लाक त्याचं नाव. बंदरावरच्या त्या जुन्या घरांची डागडुजी करणारा सुतार, जन्म याच गावातला.

“तू कुठली?”

“हामारची. चार दिवस फिरायला आलेय. आमच्याकडे सपाट शेतं असतात, कडे नसतात.”

“म्हणजे नॉर्वेहून आलीस.”

“मग हे काय, नॉर्वे नाही?”

“हे? हे बर्गन!” तो छाती काढून म्हणाला.

एवढ्या भीतीतही तिला हसू आलं. मेल्याची ऐट तर बघा!

“हे बघ, मी पुढे जाऊन ढीग शोधतो,” आस्लाक म्हणाला. “तू माझ्या आवाजाच्या रोखानं ये. मी बोलतच राहीन.”

तो धुक्यात विरघळला. राहिला नुसता आवाज.

“काल काय खाल्लंस?”

“माशाचं सूप. मासळी बाजारात.”

“अरेरे! ते पाहुण्यांसाठी असतं. आमची आई करते तेव्हा माशाची डोकी, काटे, सगळं आधी मुरवून उकळते. मग आंबट साय, मग थोडंसं व्हिनेगर...”

“थोडंसं म्हणजे किती?”

“आई म्हणते, जेवताना भांडण होणार नाही इतपत!”

तिरिल पाऊल पाऊल सरकत होती. दगड निसरडे, केस ओलेचिंब. तरी त्या आवाजात काहीतरी ऊब होती...

“आणि मग त्यात...”

आवाज थांबला.

“त्यात काय? आस्लाक?”

काही नाही. एक दगड घरंगळल्याचा आवाज – खाली, खोल, आणखी खोल...

“आस्लाक!”

आणि तेव्हा तिला कळलं, की कड्याची भीती कधीच मागे पडली होती. आता एकच भीती होती – हा आवाज पुन्हा ऐकू आला नाही तर? ओळख होऊन पुरता तास झाला नव्हता, आणि हे काय होऊन बसलं होतं!

ती गुडघ्यांवर रांगत निघाली. हाताला बूट लागला. आस्लाक खाली बसला होता, पांढराफटक.

“पुढे... पुढे जमीनच नाही,” तो पुटपुटला. “तुला हाक मारायची होती गं. तोंडातून शब्दच फुटेना.”

तिनं त्याचा हात धरला. मग तो हात तिनं सोडलाच नाही – मागे फिरताना नाही, वाट सापडल्यावर नाही, अगदी धुकं विरून माणसं दिसायला लागली तोवर नाही.

पण माणसं दिसली आणि ती चपापली. काय सांगू तुम्हाला, ही नॉर्वेची माणसंच तशी! डोंगरावर झाडालाही हाय म्हणतील, आणि खाली आली की जिन्यात शेजारी नाही ना, हे बघून मगच दार उघडतील. डोंगरावरची ओळख डोंगरावरच.

आस्लाकचा हात हळूच सुटला. रुळांवरून खाली नेणाऱ्या छोट्या गाडीत तो एका खिडकीशी उभा राहिला, ती दुसऱ्या.

“मग... उद्या जाणार?”

“हो. सकाळच्या गाडीनं.”

“बरं. सांभाळून.”

“तू पण.”

बस्स! दोघंही तसलेच, दोष द्यायचा कुणाला? खाली उतरून तो वळणाआड गेला आणि तिरिलला रडू कोसळलं.

सकाळी पाऊस होता. स्टेशनकडे जाणाऱ्या ट्रॅममध्ये ती चढली, आणि दारातच थबकली. ट्रॅममध्ये मागे विणकाम करणाऱ्या एक आजीबाई, आणि पुढे खिडकीशी – आस्लाक! मान खाली. पाहिलं नाही? की पाहूनही...?

बाकी सगळी ट्रॅम रिकामी. अशा वेळी परक्याच्या शेजारी जाऊन बसणं म्हणजे इथे शुद्ध वेडेपणा. वर निदान धुकं होतं. इथे तोंडघशी पडलं, तर सगळ्यांना दिसणार होतं.

ती गेली आणि थेट त्याच्या शेजारी बसली. आजीबाईंच्या सुया थांबल्या.

“आस्लाक,” ती म्हणाली. आवाज चिरकला.

त्यानं मान आणखी खाली घातली. कान मात्र लालबुंद. तिला वाटलं, संपलं सगळं.

“सकाळपासून... याच ट्रॅममध्ये बसलोय,” तो एकदाचा बोलला. “स्टेशनला जातो, परत येतो. तू कधीतरी चढशील म्हणून. आणि चढलीस, तर पायच उचलेनात! कड्यावर नव्हतो घाबरलो इतका.”

“खोटारडा! तिथे पांढरा पडला होतास.”

“तिरिल, नको ना जाऊस. मला तू आवडतेस!” सगळ्या ट्रॅमला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला वेडा.

स्टेशन आलं. दार उघडलं. पावसाचा गार झोत आत आला. तिरिलचा हात बॅगेवर होता. परकं गाव, एका धुक्यापुरता ओळखीचा माणूस...

“मला भीती वाटतेय रे.”

“मलाही.”

“ए मुली!” मागून आजीबाई कडाडल्या. जन्मात कधी ट्रॅममध्ये तोंड उघडलं नसेल त्यांनी! “उतरायचं तर उतर, नाहीतर हो म्हण! गारठा येतोय आत!”

“हो,” तिरिल म्हणाली.

दार बंद झालं.