पहिल्या हाकेला

चाळीस वर्षं मी एका साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवायचं काम केलं. तेव्हा खोटं लिहायचो आणि लोक खरं मानायचे. आता खरं सांगतोय, तर कुणी मानणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तरी सांगतो.

तारीख चोवीस एप्रिल, दोन हजार पंचवीस. वार गुरुवार. गाव परंडा. घर माझ्या थोरल्या बहिणीचं, सत्यभामाअक्काचं.

भुतं रात्री निघतात असं शहरातली माणसं मानतात. आमच्याकडं रानातला माणूस रात्रीला फारसा भीत नाही. तो भर दुपारी बाराला भितो. ऊन डोक्यावर, सावली पायाखाली, आणि शिवारात चिटपाखरू नाही...

ही त्या वेळची गोष्ट आहे.

अक्काच्या नातीचं, हर्षालीचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेचा मजकूर मी लिहून दिला होता. सगळं झालं होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी.

नवरीच्या बापाच्या नावाआधी काय लावायचं? श्री. की कै.?

बाप म्हणजे माझा भाचा, वैजनाथ. वीस वर्षांपूर्वी, अशाच एप्रिलात, भर दुपारी रानात गेला. परत आला नाही. मोटारसायकल बांधाला उभी, किल्ली तिलाच. चार विहिरी उपसल्या.

काही सापडलं नाही.

सात वर्षं पत्ता नसला, की कायदा माणसाला मेलेला धरतो. अक्का कायद्यापेक्षा चिवट. तिनं त्याला वीस वर्षं जिवंत ठेवला. सून शिवकांता वीस वर्षं कुंकू लावत आली.

व्याह्यांचा निरोप होता, काय ते एक ठरवून छापा. छापखान्याचा लिंबाजी दर अर्ध्या तासाला फोन करत होता. "मामा, दोनला मशीन लावतो. काय छापू?"

शिवकांता म्हणाली, "मामा, तुमीच लिहा काय ते. माझ्या हातानं व्हायचं न्हाय."

स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला. "कै. लावलं तर मी लग्नाला येत न्हाय. सांगून ठेवते."

असं सगळं मोकळेपणानं चाललं होतं.

तेवढ्यात हर्षाली लॅपटॉप घेऊन बाहेर आली. बाप गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते.

"आजोबा, बाबांचा खेळ चालू झाला. माळ्यावर सीडी घावली. फोटो स्टुडिओवाल्याकडून सीडीचं मशीन आणलं. त्यांचा आवाज हाय म्हनं त्यात. लग्नाआधी एकदा ऐकायचाय मला."

तो खेळ मला चांगलाच आठवत होता.

वैजनाथ परंड्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. पुढं पोरं टायपिंग शिकायची, मागं बसून हा खेळ बनवायचा. खेळाचं नाव 'शिवार'. पडद्यावर ज्वारी काढलेलं रान. एक बाभळ. एक शेळी. आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक पाठमोरा माणूस. बटण दाबलं की तो चालायचा.

बस्स.

गुण नाहीत, शत्रू नाही, शेवट नाही. शेळी कधी हाती लागत नाही. उजव्या बांधावरून बाहेर पडलं की डाव्या बांधावरून परत तिथंच. मी म्हणालो, "वैजा, ह्याला खेळ म्हणत न्हाईत रे. चकवा म्हणतात."

पुढच्याच आठवड्यात मी त्याच्यावर लिहिलं. भाच्याच्या खेळात माणसाला साधं खाली बसायची सोय नाही, सरकारी कचेरीत काम घेऊन गेल्यासारखं नुसतं हिंडायचं, वगैरे. गाव हसलं. तोही हसला.

घटना म्हणावी अशी एकच होती त्यात. मधूनच अक्काची हाक यायची. "वैजाऽ, जेवाय येऽ." तिचाच आवाज, टेपवर घेतलेला. तीन हाका झाल्या की मग बटण दाबायचं. माणूस म्हणायचा, "आलो." हा आवाज वैजनाथचा स्वतःचा. म्हणायचा, आणि चालतच राहायचा.

तीन हाका अशासाठी, की आमच्याकडं रानात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. जितं माणूस तीनदा हाक मारतं. ते दुसरं जे असतं, ते एकदाच.

हर्षालीनं लॅपटॉप पलंगावर ठेवला. आम्ही तिघं समोर बसलो. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. तेवढ्यात लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

एकदम शांत झालं...

पडद्यावर रान आलं. तेच रान. तीच बाभळ.

शेळी नव्हती.

"शेळी कुठं गेली गं?"

"मला काय ठाव, आजोबा. मी पहिल्यांदाच बघायले."

मग मला तो दिसला. पांढरा सदरा. पाठमोरा. बाभळीखाली...

बसलेला.

बसायची सोय त्या खेळात नव्हती. मी त्यावर अर्धा रकाना भरला होता.

हर्षालीनं बटण दाबलं. तो हलला नाही. पण चालल्याचा आवाज आला. ढेकळं फुटल्याचा. करर्... करर्...

तिनं बोट काढलं.

आवाज चालूच.

मग मी रान नीट बघितलं. सगळ्या रानात पायवाटा पडल्या होत्या. गोल. एकीत एक. शेवटची बाभळीपाशी येऊन संपली होती. मूळ खेळात पाऊल उमटत नसे. एवढं मला पक्कं आठवतं.

"आत्याबाईंची हाक कवा येती?" शिवकांतानं हळूच विचारलं.

पाच मिनिटं थांबलो. दहा थांबलो.

हाक येईना.

हर्षालीनं सीडीतल्या फायली उघडून बघितल्या. दोनदा बघितल्या. "आई, चालायचा आवाज तेवढा हाय. बोललेलं कायच न्हाय ह्यात. आजीचं बी न्हाय, बाबांचं बी न्हाय."

तिचे डोळे भरून आले. शिवकांता तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसली.

तेव्हा अक्का दारात आली. दोन्ही हात पिठाचे. एवढ्या वर्षांत तिनं तो खेळ कधी बघितला नव्हता. बघायचाच नाही म्हणायची. आज तिनं बघितला. बराच वेळ.

"बाभळीला काय सावली असती व्हय," ती म्हणाली.

आणि तिनं हाक मारली. बांधावरून रानभर जावी अशी.

"वैजाऽ, जेवाय येऽ."

एकदाच.

आणि...

"आलो."

हर्षालीचे दोन्ही हात तोंडावर होते. बटणाला कुणाचा हात नव्हता. आवाज मी ओळखला. पण खेळातला आवाज अठ्ठावीस वर्षांच्या पोराचा होता. हा तसा नव्हता. हा पन्नाशीला टेकलेल्या माणसाचा होता.

तो उठला. आमच्याकडं वळला. वैजनाथनं त्याला तोंड काढलंच नव्हतं. तोंडाच्या जागी मागचं रान दिसत होतं. तो चालत पुढं आला... मोठा झाला... आणि पडद्याच्या खालच्या कडेतून बाहेर गेला.

वरच्या कडेतून परत आला नाही.

करर् करर् थांबलं. लाईट आली. पंखा फिरायला लागला.

लिंबाजीचा फोन वाजत होता.

अक्का खाली बसली. पिठाचे हात पदराला पुसले. "सांग त्याला. कै. लाव म्हनावं."

मी म्हणालो, "अक्का, आत्ता आवाज आला न्हवं? मग श्री. लावायचं का कै.?"

"आवाज आला म्हनूनच की. जिता वैजा पयल्या हाकेला उठला व्हता का कधी जेवाय? तिसऱ्या हाकेला उठायचा. ते बी शिव्या खाऊन." तिनं पडद्याकडं बघितलं. "एका हाकेत 'आलो' म्हनला, ज्ञानोबा. माझं लेकरू न्हाय आता."

शिवकांतानं कपाळाकडं हात नेला. मग तसाच खाली घेतला.

मी लिंबाजीला सांगितलं.

मे महिन्यात लग्न झालं. अक्का आली. पंगतीत पोळी गार आहे म्हणून आचाऱ्याशी भांडलीसुद्धा. खेळ हर्षालीनं नंतर दोनदा चालू करून बघितला. रान आहे, बाभळ आहे. माणूस नाही.

मागच्या महिन्यात मी परंड्याला गेलो होतो. बाराच्या सुमाराला अक्कानं एक ताट जास्तीचं वाढलं. दाराशी पाट मांडला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

"अक्का, आता कै. लावलं ना आपण?"

"लावलं की. म्हनून काय उपाशी ठेवू?"

मी नेहमीची एसटी गाठायच्या नावाखाली तिथून लवकर निघालो. निघताना ताटाकडं नजर गेली. भाकरी तशीच होती. भाजी तशीच होती. कुणी हात लावलेला नव्हता.

तांब्या मात्र रिकामा होता.

एवढी वर्षं उन्हात हिंडलेल्या माणसाला आधी पाणीच लागतं, असं अक्का म्हणते.